फुलं कोमेजली म्हणून टाकू नका हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत ऑइल कलरमध्ये फुलं कशी रंगवायची यावर पानभर लेख आला होता. वाचला, दोनदा वाचला. लेख चांगला आहे, नवीन शिकणाऱ्यांना उपयोगी आहे, कॅनव्हास कसा तयार करायचा, ब्रश कसे धुवायचे हे सगळं नीट सांगितलंय, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण मधे एक चौकट आहे तिथे माझं घोडं अडलं. त्या चौकटीत लिहिलंय की फुलं कायम ताजी टवटवीत घ्या, एखादं कोमेजायला लागलं की लगेच काढून टाका आणि त्याच्या जागी दुसरं लावा, आणि ते जमणार नसेल तर पहिल्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि पुढचं सगळं काम फोटोवरून करा. आणि या चौकटीच्या बरोब्बर वर चित्र कुठलं छापलंय तर व्हॅन गॉगची सूर्यफुलं! अहो, छापायच्या आधी त्या फुलदाणीत बघितलं तरी होतं का कुणी? त्यातली काही फुलं पूर्ण उमललेली आहेत, पण काहींच्या पाकळ्या जाऊन नुसतं बी भरलेलं डोकं उरलंय, आणि काहींनी तर सरळ मान टाकलीय. चौकटीतला सल्ला व्हॅन गॉगनी ऐकला असता तर निम्मी फुलदाणी रिकामी झाली असती.

म्हणून म्हटलं लिहावंच. पत्र लांबणार आहे, कापायचं असेल तर कापा, फक्त रंगांच्या ट्यूबबद्दल जे पुढे लिहिलंय ते कापू नका, ते खरंच कामाचं आहे.

मी काही मोठी आर्टिस्ट वगैरे नाही. चाळिशी उलटल्यावर ऑइल कलर हातात घेतले, त्याला आता २२ वर्षं झाली, आणि त्यातली पहिली दोन-तीन वर्षं मीही तुमच्या त्या चौकटीतलंच करत होते. पाच गुलाब आणायचे, काचेच्या बाटलीत ठेवायचे, पहिल्या दिवशी ड्रॉइंग आणि थोडा रंग, दुसऱ्या दिवशी बघावं तर दोन गुलाबांचे देठ वाकलेले, की ते काढून नवीन लाव. पण नवीन गुलाबाचं तोंड जुन्यासारखं नसतं, त्याचा देठ वेगळ्याच बाजूला वळतो, त्याची सावली शेजारच्या फुलावर पडत नाही, मग शेजारचं फूल पुसून परत करा, तोपर्यंत तेही गेलेलं असतं. असं तीन आठवडे चाललं होतं एकदा. शेवटी जे चित्र झालं त्यातली पाचही फुलं वेगवेगळ्या दिवशी जन्मलेली आणि एकमेकांशी अबोला धरलेली, अगदी प्लॅस्टिकची. आमचे सर आले, कॅनव्हासकडे बघितलं, काही बोलले नाहीत. मग कोपऱ्यात कागदात गुंडाळून टाकलेल्या आदल्या आठवड्याच्या फुलांकडे बोट दाखवून म्हणाले, हे काय आहे? म्हटलं टाकायचीयत सर. म्हणाले, टाकू नकोस, आज ही लाव.

लावली. छोटा कॅनव्हास घेतला, अडीच तासात झालं चित्र, एका बैठकीत. घरी येणारा माणूस आजही त्याच चित्रापाशी थांबतो, त्या तीन आठवडेवाल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

आता का ते सांगते, म्हणजे मला जे दिसलं ते सांगते. ताजं फूल सगळीकडून सारखं असतं. गच्च भरलेलं, पाकळ्यांमध्ये पाणी भरलेलं, प्रत्येक पाकळी आपल्या जागी ताठ, त्यामुळे उजेडही सगळ्यांवर सारखाच पडतो. तेच फूल तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघा. पाकळ्यांतलं पाणी कमी झालं की आधी कडा आत किंवा बाहेर वळतात, त्या कडेला एक बारीक पिवळट-तपकिरी रेघ येते, जणू कुणी अगदी टोकदार ब्रशनी बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी रंग फिरवलाय. मधला भाग पातळ होतो, कागदासारखा, आणि आतापर्यंत न दिसणाऱ्या शिरा वर येतात. अशा पाकळीमागून उजेड आला की ती आतून पेटल्यासारखी दिसते, ताज्या जाड पाकळीत ते तसं दिसत नाही. देठाचं तर विचारूच नका. गुलाबाचा देठ फुलाच्या बरोब्बर खाली मोडल्यासारखा वाकतो, लिलीचा देठ ताठ राहतो पण फूल लोंबतं, ट्युलिपचं आणखीनच वेगळं, ते कापल्यावरही वाढत राहतं आणि उजेडाकडे वळत राहतं, सकाळी डावीकडे असलेलं फूल संध्याकाळी उजवीकडे बघत असतं, म्हणजे जो ट्युलिप रंगवतो त्यानी मॉडेल हललं म्हणून रागवायचंच नाही.

आणि रंग. लाल गुलाब शिळा झाला की फिका होतो असं आपण धरून चालतो, पण नीट बघितलं तर तो फिका होत नाही, आधी जांभळा-निळसर होतो. त्याचं कारण पाकळीच्या पेशींमध्ये आहे, फुलाच्या लाल रंगद्रव्याला आंबटपणा लागतो, फूल म्हातारं होत जातं तसा पेशीतल्या रसाचा आंबटपणा कमी होतो आणि तेच द्रव्य निळ्याकडे झुकतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं तेव्हा मी लाल रंगात नुसता पांढरा आणि काळा मिसळत बसायचे आणि ते फूल सुकलेलं न वाटता धुळीचं वाटायचं. काळा मिसळलात की संपलं. मळका रंग वेगळा आणि मलूल रंग वेगळा, हे कळायला मला चार वर्षं लागली. मलूल रंग करायचा तर रंगचक्रात त्या रंगाच्या समोर येणाऱ्या रंगाचा अगदी कणभर अंश घ्यायचा, गुलाबीत थोडासा हिरवा, पिवळ्यात थोडासा जांभळा, पॅलेट नाइफनी पॅलेटवरच मिसळायचं आणि कॅनव्हासवर एकदा ठेवला की परत त्यावर ब्रश घासायचा नाही. तीनदा घासलात की मळका झालाच म्हणून समजा.

पांढऱ्या फुलांचं सगळ्यात अवघड. पांढरं फूल सुकताना पांढरं राहतच नाही, कुठे लोण्यासारखं, कुठे राखेसारखं, कुठे चहाचा डाग पडल्यासारखं, आणि ट्यूबमधला शुद्ध टायटॅनियम व्हाइट लागतो तो अख्ख्या चित्रात एका नखाएवढ्या जागेत. मी पहिल्यांदा सुकलेल्या पांढऱ्या लिली केल्या तेव्हा अर्धी ट्यूब संपवली होती, सगळं खडूनी लिहिल्यासारखं दिसत होतं, आणि परागकणांचा तो नारिंगी डाग पाकळीवर पडतो ना तो करायला जागाच उरली नव्हती.

बरं, आता वेळेचं. ऑइल पेंट वाळतो असं आपण म्हणतो पण तो पाण्यासारखा उडून जाऊन वाळत नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यामुळे त्याला दिवस लागतात. अंबरसारखे मातकट तपकिरी रंग एक-दोन दिवसांत हाताला लागेनासे होतात, अ‍ॅलिझरिन क्रिमझन किंवा कॅडमियम रेड हे लाल रंग आठवडा आठवडा ओले. म्हणजे एका बाजूला हा आळशी रंग आणि दुसऱ्या बाजूला तासातासाला बदलणारं फूल. यातून वाट कशी काढायची हा प्रश्न काही आजचा नाही, आणि माझी तक्रार हीच आहे की तुमच्या लेखात त्याचं उत्तर मोबाइल असं देऊन टाकलंय, जणू आधी कुणाला काही सुचलंच नव्हतं.

व्हॅन गॉगनी १८८८ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या आर्ल गावाहून भावाला लिहिलं होतं की रोज सकाळी सूर्य उगवल्यापासून सूर्यफुलांवर काम करतोय कारण फुलं लवकर कोमेजतात आणि सगळं एका झपाट्यात करावं लागतं. म्हणजे तो फुलांच्या मागे धावत होता. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसमध्ये त्यानी जी सूर्यफुलं केली ती तर फुलदाणीतही नाहीत, कापून नुसती टेबलावर आडवी टाकलेली, बी धरलेली, पाकळ्या ज्वाळांसारख्या वळलेल्या. मला विचाराल तर मला पिवळ्या फुलदाणीपेक्षा हीच जास्त आवडतात, पण हे आपलं माझं मत.

याच्या अगदी उलट जुने डच चित्रकार. यान व्हान हॉयसम नावाचा चित्रकार होता, १६८२ ते १७४९, तो फुलांच्या मागे धावायचा नाही, फुलांची वाट बघायचा. १७४२ मध्ये त्यानी एका गिऱ्हाइकाला कळवलंय की चित्र पूर्ण होऊ शकलं नाही कारण गेल्या वर्षी पिवळा गुलाब मिळाला नाही. म्हणजे एका गुलाबासाठी वर्षभर चित्र अडलं! त्याच्या एका चित्रावर तर सहीच्या बाजूला १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत. ज्या गुच्छात वसंतातलं ट्युलिप आणि नंतर उमलणारी फुलं शेजारी शेजारी बसलीयत तो गुच्छ कुठल्याच टेबलावर कधीच नव्हता, तो फक्त कॅनव्हासवर जमला. आणि गंमत म्हणजे इतकी वाट बघून जमवलेल्या या फुलांमध्येसुद्धा हे लोक हटकून एखादं वाकलेलं, कडा करपलेलं फूल ठेवतात, एखादी पाकळी खाली पडलेली, पानाला अळीनी पाडलेलं भोक. नजर बरोब्बर तिथेच जाते.

राखेल राउइश म्हणून एक बाई होत्या, त्यांच्याबद्दल वाचल्यापासून मी त्यांची फॅन आहे. जन्म १६६४ चा, दहा मुलं झाली, आणि वयाच्या ८३ व्या वर्षापर्यंत चित्रं काढत होत्या, शेवटी शेवटी तर चित्रावर सहीबरोबर आपलं वयही लिहायच्या, का नाही लिहायचं? वडील शरीरशास्त्र आणि वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक, मेलेल्या जीवांचे नमुने सडू न देता टिकवून ठेवण्यासाठी युरोपभर नाव झालेले. म्हणजे घरात बाप सगळं जसंच्या तसं टिकवायच्या मागे आणि लेक वाकलेले देठ आणि उलटी वळलेली पाकळी रंगवतेय. जेवायला बसल्यावर दोघं काय बोलत असतील असं मला राहून राहून वाटतं.

तर एक मार्ग धावायचा, दुसरा वाट बघायचा. मला दोन्ही जमत नाहीत, धावायला हात तेवढा सुटा नाही आणि वर्षभर थांबायला धीर नाही. म्हणून मी मधलं काहीतरी करते. पहिल्या दिवशी फक्त टर्पेंटाइननी पातळ केलेल्या अंबरनी रचना मांडून घेते, कुठे काळोख, कुठे उजेड, फुलदाणी, टेबलाची कड, जे हलणार नाही ते सगळं. मग जे फूल सगळ्यात आधी जाणार असं वाटतं ते आधी, एका बैठकीत, आणि त्या दिवशी ते जसं दिसतंय तसंच. दुसऱ्या दिवशी ते बदललं तरी त्याला हात लावायचा नाही, हा नियम. दुसऱ्या दिवशी दुसरं फूल. एखादी पाकळी गळून पडली तर ती जिथे पडली तिथेच राहू द्यायची आणि तिथेच रंगवायची, आपण उचलून 'छान' जागी ठेवली की ती ठेवलेली दिसते, कशी कोण जाणे पण दिसतेच. असं करत गेलं की पाच-सहा दिवसांनी कॅनव्हासवर एकाच फुलदाणीत सोमवारचं फूल आणि शनिवारचं फूल शेजारी असतात. तीन बाजूंनी काळा पुठ्ठा लावून एकाच खिडकीचा उजेड घेतला की रोजचा उजेड बराचसा सारखा राहतो, पंखा मात्र बंद. हे एवढं केलं की झालं, बाकी ऑइलचा जो आळशीपणा आहे तोच इथे कामाला येतो, कालची कड आज अजून ओली असते, मग नवीन पाकळी तिच्यात बोटानी किंवा कोरड्या ब्रशनी हलकेच विरघळवता येते, आणि सुकलेल्या फुलाला अशा अर्ध्या पुसलेल्या कडाच शोभतात, ती रेघेनी कापल्यासारखी नसतातच. अ‍ॅक्रिलिकमध्ये हे करून बघा, दहा मिनिटांत सगळं कडक.

या पद्धतीतली खरी अडचण फुलं नाहीत, घरातली माणसं आहेत. एकदा शेवंतीचं चित्र चाललं होतं, सातवा दिवस, फुलं अगदी हवी तशी झालेली, खालच्या पाकळ्या झाडूसारख्या लोंबलेल्या, पाणी गढूळ, आणि मला त्या गढूळ पाण्यातून दिसणारे देठच करायचे होते. मी जरा बाहेर गेले आणि परत येऊन बघते तर बाटली चकाचक, पाणी स्वच्छ आणि आत टवटवीत नवी फुलं! सूनबाई हसत उभी, "आई, तुमची फुलं पार गेली होती, मी नवीन लावून ठेवली." आता काय बोलणार तिला, बिचारीनी प्रेमानी केलेलं. छान दिसतायत गं म्हटलं आणि दार लावून घेतलं. ते चित्र तसंच अर्धं आहे, देठांच्या जागी नुसता अंबर. आता फुलदाणीवर चिठ्ठी लावते, 'हात लावू नये'.

मोबाइलच्या फोटोबद्दल मी अगदीच विरोधात आहे असं नाही, फुलदाणी चुकून हलली तर परत जागेवर ठेवायला फोटो बरा पडतो. पण फोटोवरून रंग घेऊ नका. फोन लाल रंग जास्त भडक करतो आणि सावलीतला सगळा मलूलपणा एका काळ्या ठिपक्यात कोंबतो, नेमकं जे बघायला बसलोय तेच खाऊन टाकतो. आणि फोटोतलं फूल बदलत नाही ना, मग आपण निवांत होतो, उद्या करू परवा करू, आणि ती जी घाई असते, आत्ता नाही केलं तर ही कड जाणार, ती घाईच हाताला चांगली वळणं देते. फोटोवरून केलेली चित्रं मला लगेच ओळखू येतात, जरा जास्तच पूर्ण असतात.

आता त्या ट्यूबबद्दल, जे कापू नका म्हटलं ते. लेखात गुलाबासाठी अ‍ॅलिझरिन क्रिमझन घ्या असं बिनधास्त लिहिलंय. रंग सुंदर आहे यात वाद नाही, खोल, पारदर्शक, वाइनसारखा, मीही वर्षानुवर्षं वापरला. पूर्वी हा रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळापासून मिळायचा, १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत बनवला. पण तो उजेडाला टिकत नाही, विशेषतः पांढऱ्यात मिसळून फिका केला किंवा पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर दिला तर, आणि सुकलेल्या गुलाबासाठी आपण नेमकं हेच दोन्ही करतो. माझं एक चित्र, जवळजवळ १५ वर्षांपूर्वीचं, खिडकीसमोरच्या भिंतीवर होतं. गुलाबी-जांभळे वाळके गुलाब, मला भारी अभिमान त्याचा. रोज डोळ्यासमोर असल्यामुळे काही कळलं नाही, पण मध्यंतरी फ्रेम बदलायला काढलं तर फ्रेमच्या कडेखाली झाकलेली एक बोटभर पट्टी होती, तिथे पाकळीचा रंग अजून होता तसा, आणि बाकी सगळं फूल राखाडी. म्हणजे मी सुकलेली फुलं रंगवली होती आणि ती भिंतीवर आणखी सुकत बसली होती. हसावं की रडावं कळेना. दुकानदारानी मला तेव्हा 'आर्टिस्ट क्वालिटी आहे मॅडम, काही होत नाही' असं सांगितलं होतं, आणि मीही ट्यूबची मागची बाजू कधी वाचली नव्हती.

ही माझ्या एकटीची गोष्ट असती तर सोडून दिली असती, पण मोठमोठ्यांचं हेच झालंय. व्हॅन गॉगनी १८९० च्या मे महिन्यात, फ्रान्समधल्याच सेंट रेमीच्या मनोरुग्णालयातून निघायच्या आधी, गुलाबांची आणि आयरिसची चार मोठी चित्रं केली. आज त्यातले गुलाब पांढरे दिसतात आणि लोक पांढरे गुलाब म्हणूनच बघतात, पण ते गुलाबी होते, त्यानी वापरलेला तो लाल 'लेक' रंग (कपडे रंगवायच्या रंगासारख्या द्रव्यापासून केलेला पारदर्शक रंग) उजेडानी उडून गेला. सूर्यफुलांतला क्रोम यलो पण काही ठिकाणी तपकिरी होत चाललाय, २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी एक्स-रे लावून दाखवलं की रंगातल्या क्रोमियमचंच उजेडानी रूप बदलतं. आणि जुन्या डच चित्रांत पानं विचित्र निळी दिसतात ना, ती त्यांनी निळी केलेली नाहीत, निळ्यावर पिवळ्या लेकचा थर देऊन हिरवं केलं होतं, पिवळा उडाला आणि निळा उरला.

तर वाचकांना एवढंच सांगा की ट्यूबवर रंगाचं गोड नाव न वाचता मागचा रंगद्रव्याचा बारीक कोड वाचा. पीआर ८३ असेल तर ते खरं अ‍ॅलिझरिन, भिंतीवर लावायच्या चित्रात नको. त्याऐवजी पीव्ही १९ लिहिलेला क्विनाक्रिडोन गुलाबी किंवा लाल घ्या, जरा जास्त भडक वाटतो पण हिरव्याच्या कणानी वठणीवर येतो, आणि टिकतो. नावापुढे 'परमनंट' किंवा 'ह्यू' लिहिलेलं असेल तर आत वेगळंच रंगद्रव्य असतं, तेही कोड बघूनच ठरवा, कधी चांगलं निघतं कधी नाही. आणि हो, उलटंही आहे बरं का, उजेडाला घाबरून चित्र कपाटात कागदात गुंडाळून ठेवाल तर अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं आणि पांढऱ्या लिली तेलकट दिसायला लागतात. माझ्या लागल्या होत्या. काही दिवस मोकळ्या उजेडात ठेवल्यावर बऱ्याच सावरल्या, जीव भांड्यात पडला. पांढऱ्यासाठी करडईच्या तेलात घोटलेला पांढरा मिळाला तर तो कमी पिवळा पडतो, पण तो सावकाश वाळतो आणि खालच्या थरात वापरू नये, वरच्या थरात चालतो.

शेवटचं, एक जुना राग आहे तोही काढून घेते. सुकलेली फुलं रंगवली की लोक दोन गोष्टी बोलतात. एक म्हणजे 'किती उदास', आणि दुसरं म्हणजे चित्राखाली 'जीवनाची क्षणभंगुरता' अशी चिठ्ठी लावतात. तुमच्याही लेखाच्या शेवटी ते आहेच. मला ते अजिबात पटत नाही. कवटी, विझलेली मेणबत्ती आणि बाजूला वाळकं फूल अशी चित्रं सतराव्या शतकात ढिगानी झाली, त्यातली कित्येक हाताच्या कसबानी थोर आहेत पण शिक्षकांनी कान पकडून धडा म्हणून घ्यावा तशी वाटतात. त्यापेक्षा एदुआर माने हा फ्रेंच चित्रकार घ्या. शेवटच्या आजारपणात, १८८२ आणि ८३ मध्ये, मित्रमैत्रिणी भेटायला येताना फुलं आणायचे आणि तो ती काचेच्या फुलदाणीत ठेवून छोट्या छोट्या कॅनव्हासवर करायचा, मोठं काम झेपत नव्हतं म्हणून. एप्रिल ८३ मध्ये गेला. ती चित्रं बघून कुणी मला सांगावं त्यात उदास काय आहे, काचेतून पाण्यातले देठ चमकतायत आणि वर चार फटक्यांत फुलं. माणूस बघत होता आणि मजा घेत होता, एवढंच दिसतं मला त्यात. मोंद्रियान, तोच रंगीत चौकोनांची चित्रं करणारा डच चित्रकार, त्यानीही १९०८ मध्ये मरणारं सूर्यफूल केलंय, एगॉन शीले या ऑस्ट्रियन चित्रकारानी १९१४ मध्ये वाळकी सूर्यफुलं केलीयत, दोघांच्या चित्रांत फूल अगदी वेगळं, कारण सुकलेली दोन फुलं कधीच सारखी नसतात. ताजी असतात.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या रविवारी त्या चौकटीतलं 'काढून टाका' हे तेवढं दुरुस्त करा, अ‍ॅलिझरिनबद्दल दोन ओळी छापा, आणि व्हॅन गॉगचं ते चित्र परत छापणार असाल तर कृपा करून जरा मोठं छापा. या वेळी पोस्टाच्या स्टॅम्पएवढं होतं आणि फुलदाणीच्या काठावरून खाली लोंबणारं जे फूल आहे ते तर तुमच्या पानावर निव्वळ शाईचा डाग होऊन बसलंय.

आपली,
रविवारची पुरवणी आधी उघडणारी एक वाचक